छकडा विकायला काढला तेव्हा

आमच्या ह्यांनी छकड्याच्या चाकांना तेल घालायला घेतलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठली होती, महागावकडे परत शंकरपट भरू लागले होते, आणि बासष्टाव्या वर्षी ह्या माणसाला पुन्हा पटात छकडा हाकायचा होता. मागे एकदा असंच पडून खांद्याचं हाड मोडून घेतलं होतं. तीन महिने शेकत कोण बसलं होतं? मी. ठरवूनच टाकलं, आता छकडा घरात नको.

आमच्या भागात जुने पटाचे छकडे विकून देणारा एक दलाल आहे. दुसरं काहीच विकत नाही. नुसता हात फिरवून सांगतो, कोणत्या सुताराचा, कोणत्या लाकडाचा. त्याला मी निरोप धाडला. आणि छकडा जरा बरा दिसावा म्हणून दाराचा उरलेला निळा ऑइलपेंट त्याला फासून ठेवला.

दलालानं पाहिलं आणि मटकन खालीच बसला.

"वहिनी, हे काय करून ठेवलं? अर्धं मोल रंगवून टाकलं तुम्ही."

पटाच्या छकड्याला रंग लावत नाहीत. वजन वाढतं, आणि लाकडाला कुठं चीर आहे का, ते घेणाऱ्याला दिसावं लागतं. चाळीस वर्षांच्या संसारात हे मला कोणी सांगितलं असेल तर शपथ. हे गालातल्या गालात हसत होते. मग दोघं काचेच्या तुकड्यांनी रंग खरवडत बसले आणि मी चहावर चहा देत राहिले. ह्यांना इतकं खुशीत पाहून कितीतरी दिवस झाले होते. राग कुठल्या कुठे गेला माझा.

आठ दिवसांनी दलाल गिऱ्हाईक घेऊन आला. लोहाऱ्याकडचा तरणा शेतकरी, आपली बैलजोडी टेम्पोत घालून आलेला. या धंद्यात एक रिवाज आहे, तो मला तेव्हा कळला. ज्यानं छकडा हाकला, त्यानंच तो घेणाऱ्यासमोर एकदा पळवून दाखवायचा. मग दलाल विचारेल तेव्हा छकड्याची खोड चारचौघांत खरी सांगायची. हे आधी ठाऊक असतं तर मी निरोपच धाडला नसता.

सोयाबीन निघालेल्या वावरात छकडा जुंपला. हे चढून बसले, मी वावराच्या कडेला धुऱ्यावर पदर दातात धरून उभी. जोडी सुटली आणि खरं सांगते, भीती विसरून मी बघतच राहिले. काय रुबाब होता माणसाचा! पण अर्ध्या वाटेत छकडा उजवीकडे ओढायला लागला आणि तुरीत घुसता घुसता राहिला.

"काका, गाडी वाकडी आहे," गिऱ्हाईक म्हणालं. "मले नाही पाहिजे."

आता ह्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. छकडा घरीच राहिला असता. दलालानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "भाऊ, खोड सांगा."

ह्यांनी लाकडावरून हात फिरवला.

"याच्यात खोड नाही," ते म्हणाले. "माह्या डाव्या हातात जोर नाही राह्यला. वरीस झालं, कासरा धरवत नाही."

मग त्या तरण्यानं स्वतः बसून एक फेरा मारला. छकडा अगदी सरळ गेला. सौदा झाला.

टेम्पो निघून गेल्यावर मी ह्यांचा डावा हात हातात घेतला. वर्षभर एका घरात राहून मला पत्ता नव्हता. माझी मलाच लाज वाटली.

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तं तू छकडा इकून टाकला असता."