सायकलीवरचे घाव

तापलेल्या रबराचा वास आला, की मला आमच्या अंगणातली ती दुपार आठवते. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चुलत्यांनी सशाच्या शिकारीसाठी कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलं होतं; सहा महिन्यांतच ते वासराएवढं दिसू लागलं. “पळवल्याबिगर पाय बळकट व्हत न्हाईत,” म्हणत चुलत्यांनी त्याला सायकलीला बांधलं आणि बेंबळीच्या खडीच्या रस्त्यानं पळवलं. परत आलं तेव्हा पंजे सोलवटले होते, पुढचा एक पाय लोंबत होता. ते खाली बसलं, तसा चुलत्यांनी त्याच्यावर फोक ओढला. दिरासमोर कधी आवाज न काढणारी माझी आई कुऱ्हाड घेऊनच धावली. “भावजी, अंगानं वाढलं तरी हाडं कवळी हैत त्याची! वरीसभर मातीत मोकळं खेळू द्या, दमलं की बसू द्या, म्हणून किती सांगितलं! आता तुमाला बांधून पळवू का?” चुलते भिंतीला चिकटले. आईनं सायकलीवर घावावर घाव घातले. तारा तुटल्या, ट्यूब फाटकन फुटली आणि उन्हात रबराचा वास पसरला. पिल्लू जन्मभर लंगडलं. काल माझ्या नातवानं त्याचं दांडगं पिल्लू स्कूटरला बांधलं, आणि मी परसात कुऱ्हाड शोधायला गेले.