बर्फातली नळी

मी घर सोडलं त्या दिवशी धारगळच्या हायवेवर पुण्याची बस थांबवायला बाबा हात वर करून जवळजवळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले होते. ड्रायव्हरने शिव्या घातल्या, पण बस थांबली. आईने खिडकीतून एक पिशवी आत कोंबली. तिच्यात सुकी सुंगटं होती. बस सुटेपर्यंत तिचं चालूच होतं, "पावलंस काय चिठी घाल गो. उपाशी रवू नको." पाच मिनिटांत सुक्या मासळीचा वास बसभर पसरला. कंडक्टरने पिशवी कोणाची म्हणून विचारलं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

गोवा राज्य होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. कोकणी की मराठी यावरून गावात काही माणसं एकमेकांच्या दारात जाईनाशी झाली होती. आमच्या घरी भांडणं घरच्या बोलीत आणि आरत्या मराठीत, त्यामुळे आम्हाला दोन्ही बाजूंनी ऐकून घ्यावं लागे. पुण्यात गेल्यावर कळलं की माझं मराठी तिथल्यांना हसण्यासारखं वाटतं. मी ते घासूनपुसून घेतलं. पुढे बेंगळुरूत नोकरी लागली आणि मराठीचीच गरज संपली. आता माझ्या दिवसात सॅम्पल, स्लाइड, रिपोर्ट, डेडलाइन एवढेच शब्द असतात. खिडकीला जनेल म्हटलेलं कळणारं माणूस इथे दहा मैलांत सापडायचं नाही.

माझं काम काय, हे तुम्ही, म्हणजे हे वाचणारे गावातले, दर चतुर्थीला विचारता आणि दर चतुर्थीला विसरता, म्हणून पुन्हा सांगते. स्तनाच्या नाहीतर अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये गाठीतल्या काही पेशी सुटतात आणि रक्तातून हिंडू लागतात. बाईचं दोन चमचे रक्त आमच्याकडे येतं. त्यातल्या अब्जावधी पेशींतून ह्या पाच-दहा चुकार पेशी चुंबकाने ओढून, रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या. कधी एकही सापडत नाही. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू तांदूळ निवडतंस." इतकं नेमकं मला कुठल्या सेमिनारमध्येही सांगता आलेलं नाही.

आणि ह्याच आईने छातीतली गाठ वर्षभर लपवली. दिनूचं, माझ्या धाकट्या भावाचं, लग्न ठरलं होतं. घरात दुखणं निघालं तर मुलीकडचे काय म्हणतील, एवढंच तिच्या डोक्यात. मी फोनवर विचारायचे, बरी आहेस ना? "माका काय एक जावंक ना गो." मी दिवसभर परक्यांच्या आयांचं रक्त तपासत होते आणि माझी आई रोज मला फसवत होती. लग्न उरकल्यावर गाठ उघडकीस आली. ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली, मग दुखणं हाडांत उतरलं.

सोमवारपासून नवं औषध सुरू करायचं ठरलं. मला त्याच्या आधीचं रक्त हवं होतं. औषधाआधी किती पेशी होत्या आणि नंतर किती उरल्या, हे ताडून पाहिलं तर औषध लागू पडतंय का याचा काहीतरी अंदाज येतो. आधीचा आकडा एकदाच मिळतो, औषध अंगात गेलं की तो गेला. डॉक्टर म्हणाले, आकडा काहीही आला तरी औषध हेच द्यायचं आहे. ते बरोबरच होतं, आणि मला ते सहन झालं नाही. आईसाठी माझ्या हातात करण्यासारखं एवढं एकच होतं. मी दोन खास नळ्या पार्सलने घरी पाठवल्या. दिनूला फोनवर सांगितलं, रक्त काढून घे, जपून आण, खराब होता कामा नये.

दिनूचं हायवेवर नारळ-कलिंगडांचं दुकान आहे. ते बंद ठेवून तो शनिवारी मोपाच्या विमानतळावर गेला, ज्या पठारावर आम्ही करवंदं खायला जायचो तिथे. जन्मात पहिल्यांदा विमानात बसला. बेंगळुरूत बाहेर आला तो दोन्ही हातांनी थर्माकोलचा डबा छातीशी धरून. डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी होती आणि कोपऱ्यातून पाणी ठिपकत होतं. ते पाणी बघूनच मी चिकटपट्टी सोलायला घेतली.

"बाय, मासळीवालीकडसून बांधून घेतलंय," तो म्हणाला. "थय विमानतळार विचारल्यानी, कित्यां आसा? सांगलंय, इसवण." आणि हसला.

उघडलं तर बर्फाच्या चुऱ्यात दोन्ही नळ्या इसवण मासळीच्या तुकड्यांसारख्या पुरलेल्या. रक्त खराब झालंय हे त्याचा रंगच सांगत होता. ह्या नळ्यांत पेशी टिकवायचं औषध आधीच घातलेलं असतं, त्यांना बर्फ अजिबात चालत नाही. मी तिथेच, त्या सगळ्या माणसांसमोर, ओरडले, "तुला बर्फ कोणी सांगितला?"

"मगे ताजा कसा रवतला?" दिनू म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. समुद्राकाठच्या माणसाने मोलाची वस्तू दुसऱ्या कशात ठेवायची?

रविवारी मी एकटी लॅबमध्ये बसले. काचेखाली फुटक्या पेशींचा नुसता गाळ. त्यात आईच्या किती, दुसऱ्या कुठल्या, काही सांगता येईना. तिसरी नळी घरी नव्हती. सोमवारी सकाळी औषधाची बाटली लागली.

बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक डब्यावर आम्ही लाल अक्षरांत सूचना चिकटवतो. बर्फ नको, फ्रिज नको. एखाद्या इस्पितळाने चूक केली की मी फोनवर त्यांची हजेरी घेते. घरच्या पार्सलवर मी कागद चिकटवला नाही. इंग्रजी कागद दिनूला कशाला, फोनवर सांगेन, असं म्हटलं आणि तेवढंच सांगायचं विसरले. चूक माझी होती आणि ओरडा त्याने खाल्ला. हे मी त्याला आजवर सांगितलेलं नाही. दिनू, आता वाचतोयस तर वाच.

त्या रविवारी संध्याकाळी आईचा फोन आला. "किती खडे गावले गो?"

मोजता आले नाहीत, मी म्हटलं. नळ्या खराब झाल्या.

 आई म्हणाली, "दिनूक बोलू नको. तो डबो सांबाळत तेणी वाटेर काय एक खाल्ल्यान नाय. तू तरी तेका जेवूंक घातलंस मां?"

मी घातलं नव्हतं. रागाच्या भरात मी त्याला जेवायचंसुद्धा विचारलं नव्हतं. शनिवारी तो माझ्या स्वयंपाकघरात कोरडा पाव चहात बुडवून झोपला आणि रविवारी परत गेला.

आई त्यानंतर दीड वर्ष होती. तो आकडा मिळाला असता तरी तिचा एक दिवसही वाढला नसता, हे मला कळतं. माझ्यासारखे जे बाहेर गेलेत त्यांना हेही कळेल की त्यामुळे चडफड कमी होत नाही. बाहेर जाऊन जे शिकलो, ते घरी एकदा तरी उपयोगी पडावं असं वाटत असतं. माझं नेमकं घराच्या वाटेवरच वाया गेलं.

गेल्या वर्षी लॅबने सूचनांचा कागद मराठीतही काढायचं ठरवलं. काम माझ्याकडे आलं. खोलीचं तापमान असं लिहून बघितलं, पण त्यातून दिनूला काय कळलं असतं? धारगळच्या घरी दारापुढे सिमेंटचा सोपा, बसायचा कट्टा, आहे. सकाळचं ऊन ओसरलं की आई तिथे तांदूळ निवडत बसायची. ना गरम, ना गार. मी लिहिलं, "नळी बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. घरात आई बसते तिथे ठेवा."

साहेबांनी ती ओळ खोडून अंशांचा आकडा घातला. बरोबरच आहे त्यांचं. पण घर कुठलं असं कोणी विचारलं, तर मला अजून तीच खोडलेली ओळ सांगावीशी वाटते. सोपा तिथेच आहे. तिथे आता कोणी बसत नाही.