उलटा चालणारा सिनेमा आणि आप्पांचा स्वेटर

सिनेमा बघायला बसले की माझ्या मांडीवर सूप असतंच. रविवारी दुपारी शेंगदाणे निवडून ठेवले, की सोमवारच्या कामांच्या यादीतली पहिली ओळ आदल्या दिवशीच खोडता येते. आमचा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा छोटा धंदा आहे, अणदुरातच, घराच्या मागच्या खोल्यांत. गल्लीतल्या बायका भाकऱ्या करतात आणि ऑर्डरी, पॅकिंग, टेम्पो हे सगळं मी बघते. हातातलं काम न थांबवता बघता येतो तो सिनेमा चांगला, अशी माझी आपली समजूत होती.

त्या रविवारी लेक सुट्टीला आली होती. ती सोलापूरला कॉलेजात शिकते. तिनं टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सिनेमा परदेशी होता, हिंदीत डब केलेला. खाली सतरंजीवर मी, बाजूच्या खुर्चीत आप्पा, म्हणजे माझे सासरे. नवरा त्या आठवड्यात आला नव्हता. तो आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला शिक्षक आहे, तिकडंच खोली घेऊन राहतो आणि एरवी शनिवारी घरी येतो.

पहिल्याच दृश्यात एक माणूस दुसऱ्याला बर्फाच्या गोदामात ढकलतो, बाहेरून अडसर लावतो आणि निघून जातो. त्याच्या हाताला पट्टी बांधलेली असते. पुढच्या दृश्यात तेच दोघं एका टेबलावर चहा पितात, पट्टी अजून आहे. त्याच्या पुढच्या दृश्यात पट्टी नाही, आणि त्या दृश्याच्या शेवटी काचेनं हात कापतो. मी सूप खाली ठेवलं.

"भाग उलटे लागलेत," मी लेकीला म्हणाले. "थांबव आणि नीट लाव."

मला तसं वाटायला कारण होतं. नात्यातल्या एका लग्नाचं शूटिंग आमच्याकडं असंच पेनड्राइव्हवर आलं होतं. आधी नवरीची पाठवणी, मग हळद. घरभर पाहुणे बसलेले, नवरी रडून गाडीत बसली आणि लगेच हसत हसत हळदीच्या पाटावर. तेव्हा मीच त्या भागांना एक-दोन-तीन आकडे देऊन ते सरळ लावले होते.

"आई, हे असंच हाय," लेक म्हणाली.

"असंच कसं असंल? आधी पट्टी, मग जखम?"

"गोष्ट शेवटाकडनं सांगितलीय. त्या माणसाला नवीन काही ध्यानात राहत न्हाय. थोडा वेळ गेला की सगळं पुसलं जातंय. गप बघ की."

आप्पा खुर्चीत हसले. "तुझ्या आईला रिमोट देऊ नगं. ती त्या माणसाला बी कामाची यादी करून दील."

आप्पांचं हे असं आहे. टोमणा जागच्या जागी, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. गेल्या वर्षीपासून जवळचं सगळं निसटायला लागलं. लांबचं मात्र पक्कं आहे. त्यांनी आयुष्यभर आठवडी बाजारांत कापड विकलं. जळकोटच्या बाजारात कुणाचं पाल कुणाच्या शेजारी होतं, कुठलं गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं, हे ते आजही सांगतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, एकटं बाहेर सोडू नका.

आणि आप्पांना तर रोज संध्याकाळी खंडोबाला जायचं असतं, तेही एकट्यानंच. कुणी बरोबर निघालं की म्हणतात, "देवाला जायाला सोबत कशाला? मी काय सासरी चाललोय?"

इथं आमच्या देवाचं सांगायला हवं. आमचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदुरात असतो आणि थंडीत काही आठवडे नळदुर्गाला राहायला जातो. मूर्ती वाजतगाजत तिकडं जाते, यात्रा झाली की परत येते. त्यामुळं 'देव कुठं हाय?' हा प्रश्न आमच्याकडं कुणाला वेगळा वाटत नाही. आप्पांची गडबड तिथंच होते. उन्हाळ्यात ते एकदा हायवेवर जाऊन जीपमध्ये बसले आणि भर उन्हात नळदुर्गाला देवळाच्या पायरीवर जाऊन बसून राहिले. ओळखीच्या एका माणसानं बघितलं, फोन केला, म्हणून सापडले. हायवेवर ट्रकांची रांग कधी तुटत नाही. नवरा तेव्हाच म्हणाला होता, पुन्हा असं झालं तर फाटकाला बाहेरून कडी आणि कुलूप. मलाही ते पटलं होतं. आप्पांचं संध्याकाळचं जाणं या एका 'पुन्हा'वर टांगलेलं होतं आणि त्यांना त्याची कल्पना नव्हती.

सिनेमा पुढं, म्हणजे मागं, चालला होता. अर्ध्यावर मला त्याची रीत कळली. टेम्पो भरताना आम्ही तेच तर करतो. ज्याचा माल शेवटी उतरवायचा, त्याची खोकी सगळ्यांत आधी आत जातात. सोलापुरातला पहिला दुकानदार दाराशी आला पाहिजे, म्हणून त्याचं नाव भरताना शेवटी. हा सिनेमा करणाऱ्यानं सगळा टेम्पो असा भरला होता आणि एक खोकं चुकीच्या जागी नव्हतं. प्रत्येक दृश्य जिथं संपे, तिथूनच आधी दाखवलेलं दृश्य सुरू झालेलं असे. ओला बूट, अर्धा चहा, खुर्चीवर टाकलेला कोट, सगळ्याचा हिशेब मागून लागत होता. मी कामात शिस्तीची आहे असं लोक म्हणतात. पण एवढी शिस्त, आणि तीही उलट्या बाजूनं, करणाऱ्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

पण खरं कौतुक मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. तो माणूस दारात उभा असतो आणि इथं का आलो ते त्याला ठाऊक नसतं. बघणाऱ्यालाही ठाऊक नसतं, कारण आधीचं दृश्य अजून दाखवलेलंच नाही. समोरचा माणूस हसतो तेव्हा हा ओळखीचा की वैरी, ते दोघांनाही कळत नाही. बाहेरून बघून कीव करायची सोयच ठेवलेली नव्हती. मी वर्षभर आप्पांचं जेवण, गोळ्या, डॉक्टरांच्या तारखा, सगळं नीट सांभाळलं होतं. त्यांना आतून कसं वाटत असेल ते मात्र मला या परक्या सिनेमानं पहिल्यांदा दाखवलं.

लेकीनं मध्येच सिनेमा थांबवून मला विचारलं, "कळतंय का?" मी म्हटलं, थोडं थोडं. मग तिनं आप्पांना विचारलं.

"ह्यात न कळण्यासारखं काय हाय?" आप्पा म्हणाले. "माणूस येऊन ठेपलाय. का आला ते ठाऊक न्हाय. मग इकडं तिकडं बघायचं, अंदाज घ्यायचा, आन् चालाया लागायचं. मी रोज त्येच करतोय की."

लेकीनं सिनेमा परत चालू केला. शेवटी, म्हणजे गोष्टीच्या सुरुवातीला, कळलं की गोदामात कोंडलेला माणूस त्याचा सगळ्यांत जवळचा दोस्त होता. त्या विसरभोळ्यानं दिसेल त्या खुणांवरून अंदाज बांधला होता. अंदाज बांधण्यात त्याची चूक नव्हती, पण त्या खुणाच दुसऱ्या कशाच्या होत्या. माझे शेंगदाणे तसेच राहिले.

मंगळवारी संध्याकाळी आप्पा देवळातून वेळेवर आले नाहीत. पावसाळी दिवस, आभाळ भरून आलेलं. मी भाकऱ्यांचं पॅकिंग बायकांवर सोडून थेट हायवेच्या कडेला जीपा लागतात तिथं गेले. आप्पा बाकावर बसले होते, मांडीवर नारळाची पिशवी. जीपवाला ओरडत होता, "नळदुर्ग, नळदुर्ग, चला नळदुर्ग." आप्पा उठायच्याच बेतात होते.

एरवी मी आल्या आल्या विचारलं असतं, कुठं निघालात, सकाळी सांगितलं नव्हतं का, देव इथंच आहे म्हणून. पण सकाळचं दृश्य त्यांच्याकडं नव्हतंच, मग ते विचारून काय उपयोग? मी शेजारी बसले.

"कुठं निघालात आप्पा?"

"नळदुर्गाला." मग कानडीत, "देवरु इल्लि इल्ला." देव इथं नाही. देवाचं बोलताना त्यांना घरातली कानडी येते.

"कशावरनं म्हणता?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं बाजारात कच्च्या गिऱ्हाइकाकडं बघत असतील. छातीवरचा स्वेटर चिमटीत धरून दाखवला. "हे काय हाय?"

"स्वेटर."

"माझ्या अंगात स्वेटर हाय. म्हंजे थंडी हाय. थंडीत देव कुठं असतोय? मी कापड विकलंय अव्वा, मला थंडी शिकवती का? आन् हा बाबा मघापासनं नळदुर्ग नळदुर्ग करतोय. लोकं निघालीत म्हणूनच न्हवं?"

मला हसावं की काय करावं कळेना. आदल्या दिवसापासून त्यांना खोकला होता, म्हणून लेकीनं दुपारी ट्रंकेतला स्वेटर काढून घातला होता. ते आप्पांना कुठलं आठवायला? बाहेर पडल्यावर त्यांनी अंगाकडं बघितलं, जीपवाल्याचं ऐकलं, आणि जन्मभराच्या धंद्यातून जे कळतं त्यावरून निकाल लावला. त्यात कुठं खोट नव्हती. फक्त मागचं पान नव्हतं. माझ्याही अंगात असा, कुणी घातला ते न आठवणारा स्वेटर असता, तर मला एवढं सुचलं असतं का, शंका आहे.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणाले. "पण जरा रस्त्याच्या कडेला बघा की."

हायवेच्या उताराला सगळं हिरवंगार होतं, खड्ड्यात गढूळ पाणी साचलेलं. आप्पांनी निवांत बघून घेतलं. मग स्वेटरच्या गुंड्या सोडल्या. "ह्यो कुणी घातला गं मला? मूर्खासारखा." आणि उठून देवळाच्या रस्त्याला लागले. मी चार पावलं मागून गेले. देवळापाशी नारळ विकणारी बाई त्यांना वर्षानुवर्षं ओळखते. ती म्हणाली, "या आप्पा, देव वाट बघतोय." ते ऐकून आप्पा सरळ आत गेले.

नवऱ्याला फोनवर सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तो म्हणाला, "वेल्डरला रविवारचं सांगून ठेव. कडी बसवून टाकू."

मी वेल्डरला सांगितलं, कारण ठरलेलं काम मी अडवत नाही. पण शनिवारी नवरा आला, जेवला, आणि मी त्याच्या हातात चहा देऊन टीव्हीसमोर बसवलं.

"आता सिनेमा? वह्या तपासायच्या राहिल्यात."

"वह्या उद्या. हा आधी बघायचा."

शिक्षक माणूस, त्याला कोडं सोडवायची हौस. पहिला अर्धा तास तो मला गोष्ट समजावून सांगत होता. मग त्याचं बोलणं कमी झालं. सिनेमा संपल्यावर मी त्याला स्वेटरची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी आप्पांनी जशी सांगितली तशी, त्यांच्या कारणांसकट.

"म्हंजे आप्पांचं डोकं चालतंय," तो म्हणाला.

"तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं. त्यांना समोर जे दिसतं त्यावर ते चालतात. मग समोर बरोबर दिसंल एवढं आपण करू. अवेळी स्वेटर घालायचा न्हाय, खोकला असला तर उपरणं. जीपवाल्यांना सांगायचं, आप्पा आले की प्रश्न विचारू नका, नुसतं म्हणा, देव इथंच हाय. नारळवाली तर आपलीच हाय."

"आन् उद्या रस्ताच विसरले तर?"

"तर तेव्हा कडीचं बघू. आज त्यांना रस्ता येतोय."

"माझ्या बापाला मी कोंडणार होतो," एवढंच तो म्हणाला आणि वह्या घेऊन आत गेला.

रविवारी सकाळी वेल्डर मशीन घेऊन फाटकाशी आला. नवऱ्यानं त्याला चहा दिला आणि फाटकाकडं न नेता पायऱ्यांपाशी नेलं. आमच्या पायऱ्या उंच आहेत, पावसात निसरड्या होतात. तिथं धरायला पाइप बसवायचा, असं त्यानं सांगितलं, माप स्वतः घेतलं, आणि वेल्डर काम करत असताना जीपांकडं जाऊन एकेका ड्रायव्हरशी बोलून आला.

संध्याकाळी आप्पा पिशवी घेऊन निघाले. नव्या पाइपावर हात ठेवून थांबले.

"हे कधी झालं?"

"आत्ताच आप्पा," नवरा म्हणाला.

"चांगलं हाय," म्हणत पाइप धरून ते खाली उतरले आणि फाटक उघडून गेले. फाटक त्यांनी उघडंच ठेवलं. नवरा ते लावायला उठला नाही, आणि मीही उठले नाही.