बर्फाच्या पेटीतून आलेली किडनी

"दोन्ही किडन्या निकामी झाल्यात," असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आमचे हे शर्टाची बटणं लावत होते. पोलादपूरला हायवेलगत ह्यांचं गॅरेज. पायांना सूज आली ती दिवसभर उभं राहून, अशी आमची समजूत.

मग डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त गाळणं. त्यासाठी पनवेलच्या फेऱ्या. माझी किडनी जुळेना, दिरांना मधुमेह. शेवटी मुंबईच्या इस्पितळात कॅडेव्हर किडनीसाठी, म्हणजे मेंदू मृत झालेल्या माणसाच्या किडनीसाठी, नाव घातलं. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची, आणि निघायचा कुणाचा तरी ट्रक बंद पडलेला.

एका सकाळी खरंच इस्पितळाचा फोन आला. जीप करून गेलो. क्रॉसमॅच, म्हणजे ह्यांचं रक्त त्या किडनीवर उलटतं का ही तपासणी, तीही चांगली आली. सही तेवढी राहिली. ह्यांनी सहज विचारलं, "किडनी हाय कुठं?"

"दुसऱ्या इस्पितळातून आलीय. बर्फाच्या पेटीत आहे," नर्स म्हणाली.

झालं! ह्यांनी पेन खाली ठेवलं. दासगावच्या बंदरावर जाऊन कल्ले उचलून बघितल्याशिवाय मासा न घेणारा हा माणूस. "बर्फातला मासा मी घरात नाय आणला कधी, गो. आन ही पोटात घालू?"

मला असा संताप आला! जिवावर बेतलंय आणि ह्यांना ताजं हवं.

डॉक्टरबाई मात्र खुर्ची ओढून बसल्या. "मासा मेल्यावर बर्फात जातो. ही किडनी जिवंत आहे. रक्त धुऊन काढून तिच्यात थंड प्रिझर्वेशन सोल्युशन भरलंय. म्हणजे असं द्रावण, की पेशी फुगत नाहीत. थंडीमुळे तिची भूकही मंदावते. पण कायमची नाही. उशीर केलात तर वाया जाईल."

ह्यांनी हात पुढे केला. "जित्ती हाय ना? मग द्या पेन."

ऑपरेशन झालं, पण लघवी होईना. डिलेड ग्राफ्ट फंक्शन, म्हणजे थंडीत राहिलेली किडनी कामाला लागायला वेळ घेते. "घाबरू नका, जागी होईल," बाई रोज सांगायच्या. मी रोज घाबरायची. पुन्हा डायलिसिसही करावं लागलं. तुमच्यावर ही वेळ आली, तर किडनी कामाला लागायला किती दिवस लागू शकतात हे आधीच विचारून ठेवा. वेडगळ वाटलं तरी विचारा.

आणि एका दुपारी पिशवीत पिवळं पाणी उतरू लागलं. मी नर्सच्या गळ्यात पडून रडले. ज्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी त्या दुःखातही होकार दिला होता. त्यांचं नावही आम्हाला ठाऊक नाही. त्यांच्यासाठी मी तिथेच हात जोडले.

राउंडला आलेल्या बाई ह्यांना म्हणाल्या, "आता भरपूर पाणी प्यायचं."

आजारपणात प्यालेलं पाणी अंगातच साचायचं, म्हणून मी ह्यांना ते वाटीने मोजून दिलं होतं. ह्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी तांब्याच पुढे केला. ह्यांनी तो घटाघटा रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "अजून दे, गो."