त्यातले दोन फासे माझे होते

थोरला भाऊ गेला त्याच्या पुढच्या वर्षी मला वर्गात उभं राहणं अवघड झालं. चौथीच्या पोरांना गुणाकार शिकवताना हातातला खडू मध्येच थांबायचा आणि पुढचं सुचायचं नाही. झोप तर उडालीच होती. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज सकाळी मोकळ्यावर जात जा, घरात बसून राहू नका, असं बजावलं.

म्हणून शाळेआधी मी चारठाण्याच्या माळावर जायला लागलो. तिथं एक मेंढपाळ भेटायचे. साठीच्या पुढचे, कमी बोलणारे. गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणू लागलो. मेंढरं चरायला लागली की ते झुडपांच्या बुडाशी दोऱ्याचे फासे लावत, तितर धरायला. हे कायद्यानं बंद आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. ‘वन्यजीव वाचवा’ हे शाळेच्या भिंतीवर मीच पोरांकडून रंगवून घेतलं होतं. तरी मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो.

बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. खोकायचंसुद्धा नाही. तितर कोणत्या अंगाला ओरडलं, मातीत पायाचे ठसे ताजे आहेत की कालचे, वारा कुठून येतोय, एवढंच बघायचं. त्या तासाभरात डोक्यात दुसरं काही उरायचं नाही. भाऊसुद्धा नाही. पंधरा दिवसांत मला झोप यायला लागली. बायको म्हणाली, चेहऱ्यावर जरा रया आली.

मग मीच मामांकडून फासा बांधायला शिकलो. त्यांनी शिका म्हटलं नव्हतं, मी मागं लागलो. माझ्या फाशात पहिलं तितर सापडलं तेव्हा ते मी हातात धरलं. त्याचं काळीज माझ्या बोटांवर धडधडत होतं. मामांनी ते घेऊन मान मुरगळली. मला वाईट वाटलं, पण त्या रात्री मी कित्येक महिन्यांत झोपलो नव्हतो इतका गाढ झोपलो. हे कुणाला सांगायची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी वनरक्षक थेट आमच्यासमोर येऊन उभे राहिले. पाच फासे लावलेले, पिशवीत दोन तितरं. पाचातले दोन फासे माझे होते आणि पिशवी माझ्या घरची. त्यांनी विचारलं, कुणाचं हे?

नोकरी, गाव, ती भिंत, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं.

मामा सावकाश उठले. “माझं हाय साहेब, सगळं. गुरुजी फिरायला येतेत इकडं. त्यायला काई माहीत न्हाई.”

वनरक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. फक्त तेवढंच केलं मी. मामांना ते गाडीवर बसवून घेऊन गेले आणि मेंढरं हाकत मी गावात आणली.

जामीन झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. दोन फासे माझे होते असं लिहून देतो, म्हणालो. पण त्यांनी नको म्हणावं अशी मनातून इच्छाही होती. ती त्यांना कळली असावी.

“नगं गुरुजी,” ते म्हणाले. “लय दिवसांनी तुमी माणसात आलेत. आता पुन्हा कशाला?”

मी ते ऐकलं. सुटल्यासारखा घरी आलो.

आता जिंतूरच्या कोर्टात त्यांच्या तारखा चालू आहेत. तारखेच्या दिवशी मेंढरांमागं जायला त्यांच्या घरी कुणी नाही, म्हणून मी रजा टाकतो आणि मेंढरं माळावर नेतो. तेवढं तरी करावं, असं ठरवलं होतं. मागच्या तारखेला ऊन कोवळं होतं, बाभळीखाली गार सावली होती. मेंढरं चरत होती, लांब कुठं तरी तितर ओरडत होतं आणि माझं मन इतकं शांत झालं की बसल्या जागी डोळा लागला. जाग आली तेव्हा अंग हलकं वाटत होतं. मग आठवलं, मामा त्या वेळी कोर्टाच्या व्हरांड्यात आपल्या नावाचा पुकारा होण्याची वाट बघत उभे असतील.

लिहून द्यायचं अजून राहिलंच आहे.