रोह्यातला बॅले आणि पेणची गाडी

रोह्याहून पेणला जाणारी शेवटची गाडी सहाची, असं मी बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. नंतरही गाड्या होत्या. रोज त्याच रस्त्याने कंपनीत ये-जा करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल कसं?

नव्वद सालानंतरचा एक रविवार, दुपारची वेळ. गावोगाव फिरणारी एक बॅले मंडळी कंपनीच्या क्लबात आली होती. साहेबांनी पास वाटले, म्हणून गेलो. थोडं जुनं, थोडं नवीन असा कार्यक्रम. आधी फुगीर पांढऱ्या झग्यातली एक मुलगी एका पायाच्या अंगठ्यावर उभी राहून गिरक्या घेऊन गेली. मग नवा नाच. घट्ट विजारीतले तीन बाप्ये जमिनीवर लोळले. एकाने खुर्चीला मिठी मारली ती सोडेचना. संगीत म्हणजे आमच्या बॉयलरची घरघर. पुढच्या रांगेतले साहेब कळल्यासारख्या माना डोलवत होते. मी मोठ्याने म्हणालो, "याला कोणीतरी शिफ्टला लावा रे." मागची रांग हसली आणि मला शहाणं झाल्यासारखं वाटलं.

बायको हसली नाही. तिच्या माहेरी पेणला गणपतींचा कारखाना, लग्नानंतरही ती तिथे मातीकाम करायची. त्या वर्षी तिला एका पायावर नाचणारा गणपती करायचा होता, कुठलाही टेकू न देता. तीन मूर्ती घोट्यात तडकल्या होत्या. मध्यांतरात ती म्हणाली, "अहो, ती मुलगी परत येणार हाय. भार कुठे टाकते ते नीट बघायचंय मला."

मला तो पोरकटपणा आणखी तासभर सोसायचा नव्हता. गाडीचं खोटं सांगून तिला उठवलं.

स्टँडवर कंट्रोलर कोणाला तरी सातच्या पेण गाडीचं सांगत होता. ते तिने ऐकलं.  पेणच्या अलीकडे वडखळला गाडीच्या खिडकीकडे बघत ती म्हणाली, "कंबर बाजूला घेतली होती तिने. किती, ते दिसलं नाय."

चौथी मूर्तीही घोट्यातच तडकली. पाचवीच्या उचललेल्या पायाखाली तिने टेकू म्हणून मातीचं कमळ लावायला घेतलं. तो बॅले मला आजही भिकार वाटतो. पण ती कमळाच्या पाकळ्या कोरत होती तेव्हा मला मागे नुसतं उभं राहवेना.

"गाडी होती," मी म्हणालो. "मला माहीत होतं. तुला बघायचं होतं आणि मी तुला उठवलं. माझं चुकलं."