पाय न उचलण्याची शर्यत

दसऱ्यापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्या शाळेचं मैदान शाळेचं नसतं. डोणगावपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात सपाट, टणक आणि दिवसभर उन्हाची जागा म्हणाल तर तेवढीच. सोयाबीन मळून झालं की कास्तकार ते वाळायला तिथेच आणून पसरतात. ओला माल नेला की व्यापारी भाव पाडतो, त्यामुळे त्यांचंही चुकतं असं नाही. पण तेवढे दिवस माझी पहिली-दुसरीची पोरं व्हरांड्यात कोंडलेली. खेळाचा तास म्हणजे मांडी घालून टाळ्या वाजवायच्या. घरी गेली की आईचा मोबाइल घेऊन कोपरा धरायचा. मला ते बघवत नसे, आणि बघवत नाही ते गप्प बसून बघण्याचा माझा स्वभाव नाही.

त्यातही माझा जीव अडकला होता दुसरीतल्या एका मुलीत. ती रोज आईच्या कडेवर बसून शाळेत यायची. आदल्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता, मेहकरच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले होते. आता ती ठणठणीत होती. ‘खेळू द्या, पळू द्या’ असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पोरीचा ताप कधीच उतरला होता, आईच्या मनातला उतरत नव्हता. शिलाईचं काम करणारी ही बाई मशीन सोडून यायची, पोरीला व्हरांड्याच्या पायरीवर ठेवायची आणि रोज तेच बजावायची, “मॅडम, तिले पळू देऊ नका. पडली तं?”

एक दिवस मी वैतागून म्हणाले, “अहो, मुलगी आहे की देवघरातली मूर्ती?”

“मूर्तीच समजा,” ती म्हणाली. “मूर्ती पडली तं फुटते, मॅडम. तुमी तिले तवा पाह्यलं नाही. मी पाह्यलं.”

कडेवरची पोर आमचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

त्याच दुपारी एक म्हातारे काका मैदानभर घातलेलं आपलं सोयाबीन फिरवत होते. पसरलेल्या मालातून अनवाणी पाय ओढत चालायचं, म्हणजे खालचे दाणे वर येतात आणि सगळीकडून ऊन लागतं. काका कमरेवर हात ठेवून एकटेच ओढत होते, मध्येच थांबून धापा टाकत होते. व्हरांड्यात माझी पोरं टाळ्या वाजवत बसली होती. हा काय कारभार आहे, असं माझ्या मनात आलं. पाय इकडे बसून आहेत आणि काम तिकडे अडलंय.

मी काकांना म्हणाले, “खेळाच्या तासाला माझी पोरं तुमचा माल फिरवतील. बदल्यात अर्धं मैदान मला मोकळं करून द्या.”

“पोट्टे माल तुडवून ठेवतीन, मॅडम.”

“एक फेरी बघा. नाही जमलं तर परत मागणार नाही.”

काकांनी डोकं खाजवलं. मग अट घातली, पाय उचलायचा नाही. धपाधप पाय पडले की दाण्यांची डाळ होते. शिवाय पाय उचलणारा आपटतो, कारण दाणे पायाखालून सरकतात.

मी फक्कीने रेघ मारली आणि शर्यत लावली. वर्गातले पळण्यात पटाईत वीर छाती काढून पुढे आले. शिट्टी वाजली, त्यांनी सवयीने पाय उचलले आणि चार पावलांत सगळे बुडावर. उठले, पुन्हा पळाले, पुन्हा बसले. काका आधी ओरडले, मग पोट धरून हसायला लागले. पायरीवरून आणखी एक हसणं ऐकू आलं. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्या पोरीला कधी ऐकलं नव्हतं.

“येतेस का?” मी विचारलं.

“आईनं पळू नको म्हणलं.”

“मग पळू नकोस. इथे पाय उचलायचाच नाही, तर पळणं आलं कुठून?”

तिने जरा विचार केला, चपला काढून पायरीवर नीट ठेवल्या आणि रेघेवर येऊन उभी राहिली. वर्षभर जपून पाऊल टाकायला शिकवलेली पोर ती. शिट्टी वाजल्यावर एक पाय ओढला, मग दुसरा. मागे दोन सरळ सऱ्या पडत गेल्या. डावीकडे एक आपटला, उजवीकडे दोघं आपटले, हिचं कुणाकडे लक्ष नाही. खालचा ओठ दातात धरून ती पलीकडच्या टोकाला पोचली आणि वळून बघते तर तिच्या पुढे कुणीच नव्हतं. पहिली आली होती. मी शिक्षिका आहे, शर्यतीत मी कुणाच्या बाजूने नसायला हवं. पण मी शिट्टी तोंडात धरूनच नाचले.

“हे पोरगी रोज पाठवा,” काका म्हणाले. अर्धं मैदान आमचं झालं.

शाळा सुटल्यावर आई आली आणि धुळीने भरलेले पाय पाहून भडकली. “मॅडम, मी काय सांगतलं होतं तुमाले?”

“पळू द्यायचं नाही. नाही पळाली. विचारा काकांना, पाय उचललाच नाही तिनं.”

ती पोरीला उचलायला वाकली. पोर दोन पावलं मागे सरली. “मी पायी येतो,” म्हणाली आणि निघाली. आई तिच्या चपला हातात घेऊन मागोमाग.

त्यानंतर मोकळ्या अर्ध्या मैदानात लंगडी आली, शिवणापाणी आलं, गुडघे खरचटले. आई रोज गुडघा तपासायची आणि तक्रारीच्या सुरात सांगायची, “आता दुसरी भाकर मागते.” मी म्हणायचे, “द्या मग.”

माल पोत्यांत भरायच्या आदल्या दिवशी काकांनाच चेव आला. “आता मोठ्यायची शर्यत होऊ द्या,” म्हणाले. न्यायला आलेल्या आया लाजत, हसत रेघेवर आल्या. शिलाईवाली आई सगळ्यांत मागे होती, पण तिच्या पोरीने तिला हाताला धरून पुढे आणलं. तिने पदर खोचला. शिट्टी वाजली. अर्ध्यावर ती चक्क पुढे होती, आणि त्याच भरात विसरली. पाय उचलला आणि धपकन बसली.

पोर रेघेवरून निघाली. पळाली नाही, पाय ओढत ओढत, सऱ्या पाडत आईपाशी गेली आणि हात पुढे केला.

“उठ वं आई,” ती म्हणाली. “पडली तं काही फुटत नाही.”

आईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरले होते आणि हसूही आवरत नव्हतं. पोरीचा हात धरून ती उठली, लुगड्याला चिकटलेले दाणे झटकले आणि पदर पुन्हा खोचला.

“मॅडम,” ती म्हणाली, “हा डाव धरू नका. पुन्हा लावा.”